एक श्र लिहायला आठ महिने : रत्नागिरीतल्या थेरपी सेंटरचा अनुभव

सेंटरचं नाव इथे घालत नाही. चांगलं लिहायचंय तसं तक्रारीचंही लिहायचंय, आणि रत्नागिरी एवढी मोठी नाही की दुसऱ्या दिवशी कुणी जाब विचारायला येणार नाही. दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, एवढं सांगते.

मी पावसला शिवणकाम करते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, गणपतीच्या आधी मखराच्या झालरी. मुलगा श्रेयस पाचवीत आहे, मराठी माध्यम. त्याला डिसग्राफिया आहे, म्हणजे डोक्यातलं हाताने कागदावर उतरवणंच अडतं, हे आम्हाला गेल्या जूनमध्ये कळलं. त्याआधीची चार वर्षं तो आळशी आहे हे आम्हाला पक्कं माहीत होतं.

पोरगं बोलायला लागलं की थांबत नाही. पूर्णगडच्या किल्ल्यावर शाळेची सहल गेली होती, तर तटावरून खाडीचं मुख कसं दिसतं हे त्याने आजोबांना अर्धा तास सांगितलं. त्याच सहलीवर बाईंनी दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर पाऊण तासात अडीच ओळी. त्यातही 'किल्ला' तीन ठिकाणी तीन तऱ्हेने. नाव आम्ही हौसेने श्रेयस ठेवलं आणि त्यातलं पहिलंच अक्षर पोराच्या जिवावर उठलं. वहीवर कधी शरेयस, कधी श्ररेयस, कधी नुसताच रेयस. चौथीत एका वहीवर तर त्याने नावच घातलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "बाईंना माहितीय कुणाची ती."

मे महिन्यात आम्ही त्याला सुंदर हस्ताक्षराच्या वर्गाला घातलं. एकवीस दिवसांत मोत्यासारखं अक्षर, असं म्हणाले होते. रोज चार पानं गिरवायची. पहिली ओळ खरंच मोत्यासारखी यायची, चौथ्या ओळीपर्यंत मोती घरंगळलेले असायचे, आणि दहाव्या ओळीला हात दुखतोय म्हणून रडारड. वर्ग वाईट होता असं नाही म्हणणार, शेजारच्या मुलीचं अक्षर तिथेच सुधारलं. पण आमचं दुखणं वेगळं होतं. ब्लाऊजचं अस्तर आतून आखडलेलं असेल तर वरून कितीही इस्त्री फिरवा, चुणी राहतेच. इस्त्रीवाल्याला दोष देऊन काय उपयोग?

मग शाळेतल्या एका नव्या शिक्षिकेने वही बघून सांगितलं, ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. सेंटरच्या पाटीवर त्याचं मराठी लिहिलंय, 'व्यवसायोपचार'. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ते वाचलं आणि मला कोपराने ढोसून विचारलं, "हे दुकान चालत नाही त्यावर औषध देतात काय गं? मग तुझंही दाखव." हसू नका, मलाही नीट कळलं नव्हतं. व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे हातापायांनी करतो ते सगळं. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणं, जेवणं, कपडे घालणं, लिहिणं. ते अडलं की उपचार. हे शिक्षण आपल्याकडे जुनं आहे, मुंबईच्या केईएममध्ये १९५० साली कमला निंबकरांनी आशियातलं पहिलं विद्यालय काढलं. हे सेंटरच्या थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं. पण कोकणात आजही शंभरातल्या नव्वद जणांना वाटतं की हे फिजिओथेरपीचंच दुसरं नाव.

पहिल्या दिवसाबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझे पैसे तिथेच वसूल झाले.

मी चौथीच्या सगळ्या वह्या, लाल शेऱ्यांसकट, दप्तरात भरून नेल्या होत्या. मॅडमनी दप्तर बाजूला ठेवलं. "आधी याला बघते, मग वह्यांना." त्याच्यापुढे एक शर्ट टाकला आणि बटणं लावायला सांगितली. श्रेयस पहिल्याच बटणाशी झटू लागला. अंगठा एकीकडे, काज एकीकडे. दोन मिनिटांत दोन बटणं, त्यातलं एक चुकीच्या काजात. मी बघतच राहिले. मी टेलर. हजारो काजं हाताने केली असतील. आणि माझ्या मुलाला बटण लावता येत नाही हे मला त्याच्या दहाव्या वर्षी परक्या खोलीत कळलं, कारण घरी मी त्याला कायम टी-शर्ट आणि इलॅस्टिकची चड्डीच शिवत आले. शाळेच्या शर्टाची बटणं रोज सकाळी मीच लावत होते, घाईत, एसटी चुकू नये म्हणून.

मग त्याला बारला लोंबकळायला लावलं. वर्तमानपत्राचं पान एकाच हाताने चुरगळून गोळा करायला लावलं. तळहातावर पाच नाणी ठेवून एकेक नाणं बोटांच्या टोकाशी आणून गल्ल्यात टाकायचं, दुसऱ्या हाताची मदत न घेता. तिसऱ्या नाण्याला सगळी खाली. डोळे मिटून, कुठल्या बोटाला हात लावला ते सांगायचं, तिथेही गोंधळ. शेवटी लिहिणं. आधी शेजारी ठेवलेल्या पुस्तकातून उतरवायचं, मग भिंतीवरच्या फळ्यावरून. पुस्तकातून एका मिनिटात एकोणीस अक्षरं झाली. फळ्यावरून अकरा. म्हणजे वर्गात बाई फळा पुसायच्या आणि हा पहिल्या ओळीत असायचा, ते उगाच नव्हतं.

पान उलटं करून मॅडमनी ते माझ्या बोटाखाली दिलं. मागून अक्षरं उठून आली होती. खुणांचं दातेरी चाक फिरवल्यावर कापडाच्या मागे ठिपके येतात, अगदी तशी. "एवढा जोर लावून तुम्ही दिवसभर टाके घालाल का?" असं त्यांनी विचारलं. पेन्सिल त्याने मुठीत धरल्यासारखी धरली होती, अंगठा बोटांवरून पलीकडे गुंडाळलेला. पण मॅडम म्हणाल्या, नुसती पकड हा रोग नाही. वाकडी पकड असूनही झरझर लिहिणारी माणसं असतात. काहींचं हातात अडतं, काहींचं अक्षराच्या आठवणीत, आणि याचं दोन्हीकडे आहे. आपण लिहिताना 'भ' कसा काढायचा याचा विचार करत नाही, याला दर वेळी करावा लागतो. तेवढ्यात पुढचं वाक्य डोक्यातून निसटतं.

हे मला लगेच पटलं. पायमशीन शिकताना तसंच होतं. पाय उलटा पडतो, दोरा तुटतो, कापड सरकतं, आणि बाई म्हणते मापाकडे बघ. मापाकडे बघायला लक्ष शिल्लक असतं कुठे!

तर जून ते जानेवारी, दर शनिवारी पाऊण तास. फी सहाशे. सकाळी पूर्णगडकडून येणारी एसटी, फणसोप, भाट्ये, पूल, स्टँड. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आणि श्रेयस बारा वर्षांच्या आतला, तेव्हा दोघांत मिळून एकच तिकीट. स्टँडपासून पुढे रिक्षा, ती मात्र पूर्ण.

आत काय चालतं? पहिले दोन महिने पेन्सिल जवळजवळ नाहीच. हातांवर चालणं, कपड्यांचे चिमटे, चिमट्याने मणी उचलणं, घट्ट कणकेसारख्या पुट्टीतून लपवलेल्या मुगाच्या बिया काढणं. मी बाहेर बसून मनात म्हणायचे, सहाशे रुपयांत हे पोरगं मूग वेचतंय. घरी तांदळातले खडे निवडायला बसवलं असतं तर फुकट झालं असतं. एकदा हे तोंडावर बोललेच. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग बसवा की! तेच पाहिजे. घरात कोणकोणती कामं चिमटीने होतात त्याची यादी करून आणा."

आम्ही यादी केली. कोकणातल्या घरात चिमटीची कामं मोजायला बसलं तर वही भरेल. रातांबे फोडून बिया काढणं, ओले काजूगर सोलणं, कोळंबी सोलणं, अबोलीचा वळेसर करणं, रांगोळीची चिमूट सोडणं. माझ्या दुकानात हूक लावणं, टाचण्या डबीत भरणं. काजूगरांना मॅडमनी काट मारली, चीक उततो म्हणून. बाकीचं सगळं चालू झालं. गणपतीत मोदकाच्या पाकळ्या हाच गृहपाठ होता. पहिल्या दिवशी चार पाकळ्या आणि एक भोक. सासूबाई म्हणाल्या, "हा मोदक नव्हे, हा फुटका कंदील." विसर्जनापर्यंत नऊ पाकळ्यांवर आला होता. मोदक तिरकेच, पण उकडताना फुटले नाहीत. त्याच आठवड्यात शाळेच्या शर्टाची खालची तीन बटणं त्याने स्वतः लावली. मी मुद्दाम बघितलं नाही.

पेन्सिलचा जोर कमी करायला मॅडमनी कार्बन पेपरची युक्ती सांगितली. तीन कागदांत दोन कार्बन घालायचे आणि अशा हाताने लिहायचं की दुसऱ्यावर उमटेल, तिसऱ्यावर नाही. माझ्या दुकानात पिवळा कार्बन पडलेलाच असतो, त्याने ते रोजचं काम झालं. तिसरा कागद कोरा निघाला की तो स्वतःच "पास!" म्हणून ओरडायचा.

आता अक्षरांचं. इथे सेंटरची पहिली मोठी उणीव. त्यांचं छापील साहित्य सगळं इंग्रजी. चार रेघांत बसणारी एबीसीडी, सफरचंदाचं चित्र, बोके आणि टोप्या. मराठी शाळेतल्या पोराला त्याचा काय उपयोग? इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं वरच्या रेघेला टांगलेलं असतं. मॅडमना हे कळतं, त्या हाताने मराठी कागद बनवून द्यायच्या, बाराखडीच्या क्रमाने नाही, वळणाच्या क्रमाने. ग म भ न एकत्र, व ब क एकत्र, ट ठ ढ द एकत्र. सासूबाई म्हणाल्या, आम्हाला बिगरीत गमभनच शिकवायचे, यात नवीन काय? खरं आहे. घ आणि ध मात्र मुद्दाम महिनाभराच्या अंतराने दिले, शेजारी ठेवले की दोन्ही घोटाळतात म्हणून. आणि र! 'कर्म'मधला र डोक्यावर, 'क्रम'मधला पायात, 'राष्ट्र'मधला छपरासारखा, 'सुऱ्या'मधला आणखी तिसऱ्याच जागी. मोठ्या माणसाला विचारा हे सगळे एकच अक्षर आहे का, तोही क्षणभर थांबेल.

मी घरी एक केलं. जाड पायपिंगची दोरी जुन्या मांजरपाटाच्या तुकड्यांवर अक्षरांच्या वळणाने शिवली, हातभर मोठी अक्षरं. सुरुवात होते तिथे लाल बटण, संपते तिथे काळं. डोळे मिटून बोट फिरवायचं. श्र साठी तीन तुकडे केले, आधी वरची गाठ, मग तिरका पाय, मग काना. मॅडमना आवडलं. त्यांनी पूर्ण संच मागितला, मी करून दिला, आता तो इतर मुलांनाही देतात. पैसे अजून मी मागितलेले नाहीत. मागेन.

एक गोष्ट मात्र त्यांना आणि मलाही आधी कळली नव्हती. श्रेयसला सवय होती, ओळीवर आधी लांबलचक शिरोरेषा ओढायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं मग खाली अक्षरं लटकवायची. शाळेत शिकवतात ते उलटं, आधी अक्षरं, शब्द झाला की रेघ. त्याची अक्षरं दोरीखाली गर्दी करायची, शब्द कुठे संपला ते कळायचं नाही. मॅडम ही सवय मोडायला बघत होत्या आणि पोरगं वैतागत होतं. एका संध्याकाळी सासऱ्यांनी त्याला लिहिताना पाहिलं आणि ट्रंकेतून जमिनीचे जुने कागद काढले, त्यांच्या आजोबांच्या वेळचे, मोडीतले. बोट ठेवून दाखवलं, सबंध पानभर आधी आडव्या रेघा ओढलेल्या, मग त्यांना लोंबणारी अक्षरं. मोडी लिहिणारे तसंच करत. रेघ आधी, म्हणजे पुढे हात फारसा न उचलता लिहीत सुटायचं. "हा चुकत नाही," सासरे म्हणाले, "हा शंभर वर्षं उशिरा आलाय."

मी त्या कागदाचा फोटो मॅडमना दाखवला. त्या हसल्या, पण पुढच्या शनिवारी पद्धत बदलली. दुरेघी वहीतली वरची रेघ लाल पेनने ठळक करून द्यायला लागल्या, म्हणजे शिरोरेषा आयतीच मिळाली, ती ओढायचं काम संपलं. दोन शब्दांमध्ये करंगळी ठेवायची. दोन आठवड्यांत पान वाचता यायला लागलं. एवढ्या महिन्यांत सगळ्यात मोठा फरक याने पडला असं माझं मत आहे. आणि आपलं चुकत होतं हे कबूल करून रस्ता बदलणारी थेरपिस्ट मिळणं हे नशीब, म्हणून या बाईंसाठी माझे पाचापैकी पाच.

सेंटरला तीन. का ते ऐका.

जुलैत एका शनिवारी वाटेत झाड पडलं आणि आमची एसटी जागच्या जागी उभी. रेंज नाही, फोन लागेना. पोहोचलो तेव्हा वेळ संपून गेलेली. काउंटरवरच्या मुलीने नियम दाखवला, चोवीस तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी. मी म्हटलं, अगं बाई, झाड मला चोवीस तास आधी सांगून पडलं नाही! बराच वेळ वाद झाल्यावर अर्धी घेतली. कोकणात सेंटर चालवायचं तर पावसाळ्याचा नियम वेगळा हवा.

नोव्हेंबरात मॅडम रजेवर गेल्या आणि तीन शनिवार एक शिकाऊ मुलगी होती. स्वभावाने गोड, पण तिने नेटवरून काढलेले इंग्रजी कागदच भरून घेतले. फी तीच, सहाशे. माझ्याकडे मावशींनी ब्लाऊज टाकला आणि मी तो शिकाऊ पोरीकडून शिवून घेतला, तर शिलाई पूर्ण घेईन का? घेतलीच तर आधी सांगेन तरी.

आणि रिपोर्टचा घोळ. दीड हजार घेऊन त्यांनी सहा पानी रिपोर्ट दिला. चांगला आहे, त्यातलं बरंच शाळेला उपयोगी पडलं. पण "हा शाळेत द्या, सवलती मिळतील" असं काउंटरवरून सांगितलं गेलं, ते बरोबर नाही. थेरपिस्टचा रिपोर्ट वेगळा आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं. प्रमाणपत्र सरकारने नेमलेलं वैद्यकीय मंडळच देतं. त्याआधी बालरोगतज्ज्ञ डोळे-कान वगैरे बघतो, मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांकाची आणि अभ्यासाची चाचणी घेतो. केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ वर्षांच्या आतल्या मुलाला हे देत नाहीत, आणि पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. हे मला मॅडमनी नीट समजावलं, पण दीड हजार गेल्यावर. शाळेच्या कार्यालयात तो रिपोर्ट घेऊन उभी राहिले तेव्हा कारकुनाने मला हेच सांगितलं, तोपर्यंत मी कागद मिरवत होते. आमचं त्या दिशेने काम आता सुरू आहे.

हे प्रमाणपत्र कशाला, असं घरात आणि घराबाहेर बऱ्याच जणांनी विचारलं. अक्षर वाईट म्हणून कोणी अपंग असतं का? चुलत दिरांनी तर दिवाळीत फराळाच्या ताटावर हा विषय काढला. त्यांना मी सांगितलं ते इथेही लिहिते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि डिसग्राफियाचं नाव तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. दहावी-बारावीला बोर्ड जादा वेळ देतं, लेखनिक देतं, पण कागद लागतो. विकास कुमार नावाच्या उमेदवाराला लेखकाचा पेटका आहे, म्हणजे लिहायला घेतलं की हात आखडतो. यूपीएससीने त्याला लेखनिक नाकारला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ११ फेब्रुवारी २०२१ ला जिंकला. न्यायालयाने सांगितलं, लिहिण्यात खरी अडचण असेल तर चाळीस टक्के अपंगत्व नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'नीट' ही डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा देणाऱ्या एका डिसग्राफियाच्या मुलीचा निकाल आला. केंद्रावर तिला हक्काचा तासभर जादा न देता पेपर काढून घेतला होता. न्यायालयाने फेरपरीक्षा दिली नाही, पण अन्याय झाला हे मान्य करून तो कसा दूर करणार ते परीक्षा घेणाऱ्यांना ठरवायला लावलं. दीर म्हणाले, "तू वकील कधी झालीस?" चकली खाऊन विषय संपला.

डिसेंबरपासून मॅडमनी मोबाईलवर बोलून टाईप करायला शिकवायला घेतलं. मला आधी हे हरल्यासारखं वाटलं. लिहायला शिकवायचे पैसे भरतेय आणि या न लिहायला शिकवतायत! त्यांचं म्हणणं असं, हाताचा व्यायाम चालू राहील, पण मोठं उत्तर डोक्यात आहे तोवर बाहेर यायला वाट पाहिजे. पाच ओळींपर्यंत हाताने, त्यापुढे बोलून. फोनला आमची बोली कळत नाही ही वेगळीच मजा. श्रेयस 'रातांबे' म्हणाला, फोनने 'रात आंबे' लिहिलं. आजोबा बोलले तर फोन काहीच लिहीना, नुसता गोल गोल फिरत राहिला. पण पूर्णगडच्या सहलीचा निबंध त्याने पुन्हा केला, बोलून, एक पान आणि वर चार ओळी. तटावरून दिसणारं खाडीचं मुख होतं त्यात, परतताना उलटी झालेला मित्रही होता. वर्गशिक्षिकेने तो वाचून दाखवला. या बाईंनी आपणहून बरंच केलं, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी झेरॉक्स देतात, इतिहासाची उत्तरं तोंडी घेतात, शुद्धलेखनाचे गुण वेगळे आणि मजकुराचे वेगळे देतात. याला प्रमाणपत्र लागलं नाही. आधीच्या एका वर्गात 'दहा वेळा लिहून आण' हीच शिक्षा होती, त्यावर मी जास्त लिहीत नाही.

जानेवारीत मॅडमनी पुन्हा घड्याळ लावलं. पुस्तकातून एका मिनिटात चौतीस अक्षरं, फळ्यावरून बावीस. हात पानभर लिहिल्यावर दुखतो, आधी पाच ओळींना दुखायचा. शुद्धलेखन जवळजवळ जिथल्या तिथे. अक्षर सुंदर झालं का? नाही. सासूबाई अजून म्हणतात, पैसे कुठे गेले ते दाखव. दुकानातल्या मापाच्या वहीत मी त्याला हल्ली आकडे लिहायला देते. परवा एका वहिनींचं माप त्याने घेतलं, बाही साडेनऊ, मुंढा पंधरा, मागचा गळा आठ. 'मुंढा'वरचा अनुस्वार दोन ओळी वर जाऊन बसला होता, पण आकडा बरोबर होता. वर वहिनींचं नाव होतं, श्रद्धा. श्र पहिल्या फटक्यात, द्धा खोडून दोनदा.

एकूण खर्च लिहिते, कारण फोनवर विचारलं तर कोणी सांगत नाही. सत्तावीस वेळा सहाशे म्हणजे सोळा हजार दोनशे, पहिली तपासणी दोन हजार, रिपोर्ट दीड हजार, आणि त्या झाडाचे तीनशे. बरोब्बर वीस हजार. एसटी, रिक्षा आणि दर शनिवारी त्याचा वडापाव वेगळा. माझं शनिवारचं अर्धं काम बुडतं ते धरलेलंच नाही. तीन महिन्यांत फरक दिसेल असं आधी सांगितलं होतं, आम्हाला वरच्या लाल रेघेपर्यंत यायलाच पाच महिने लागले.

अक्षर सुंदर करायचं असेल तर तिथे जाऊ नका. मूल तोंडी हुशार आहे, कागदावर नाही, हात दुखतो म्हणतंय, बटणाशी झटतंय, तर जा. घाबरून तिसरी-चौथीपर्यंत थांबू नका, आठ वर्षांचं वय प्रमाणपत्राला लागतं, थेरपीला नाही. पहिल्या दिवशी वह्यांचं ओझं नेऊ नका, शर्ट मात्र बटणांचा घाला. आपली मराठी दुरेघी वही आणि शाळेचं पुस्तक बरोबर न्या, नाहीतर सफरचंद रंगवून परत याल. रिपोर्ट घेण्याआधी तो कशाला चालतो ते थेरपिस्टलाच विचारा, काउंटरवर नको. मॅडम त्या दिवशी स्वतः आहेत ना, हे शुक्रवारी संध्याकाळी फोन करून बघा. शनिवार सकाळ भरलेली असते, बुधवारी दुपारी जागा असते असं ऐकलंय. बाहेर बसायच्या जागेत टीव्हीवर मोठ्या आवाजात कार्टून लावलेलं असतं, आत निघाल्यावर मूल निम्मं लक्ष तिकडे ठेवूनच येतं, तेव्हा जिन्यातच थांबलेलं बरं.

आणि त्रिकोणी पेन्सिल, रबरी पकड वगैरे काउंटरवर विकायला ठेवलंय, ते घेऊ नका. तीच पेन्सिल स्टेशनरीच्या दुकानात निम्म्या किमतीला मिळते.